गोळी घे आणि झोप!

मी कॉन्व्हेंटवाला. माझं मराठी अधूनमधून घसरतं, तेवढं सांभाळून घ्या. पण हा विषय आपल्या मेसच्या ताटातलाच आहे, म्हणून मराठीतच लिहितोय.

माझ्या रूममेटला शेंगदाणा चालत नाही. आणि आपल्याकडे दाण्याचा कूट कशात नसतो? कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी! हसतील म्हणून त्याने मेसमध्ये कधी सांगितलं नाही. गेल्या सेमिस्टरला एका रात्री जेवून आल्यावर त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला. आम्ही सेट्रिझिन दिली आणि म्हटलं, "गोळी घे आणि झोप!" थोड्या वेळाने उलटी झाली, आवाज घोगरा झाला, श्वासात शिट्टी वाजायला लागली. एक शहाणा म्हणाला, "उद्या सबमिशन आहे ना, नाटक करतोय." शेवटी घाबरून आम्ही त्याला तीन जिने चालवत खाली आणला. शेवटच्या पायरीवर तो कोसळला.

रेक्टर सरांनी रिक्षा आणली. डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि तो वाचला. मग त्यांनी आम्हाला जे झापलं, ते तुम्हालाही कळायला हवं.

याला म्हणतात अ‍ॅनाफिलॅक्सिस. १९०२ साली रिशे आणि पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं. या कामासाठी रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं. आपल्या भाषेत सांगायचं तर शरीराचा फॉल्स अलार्म. साध्या दाण्याला शत्रू समजून पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं ओततात. रक्तवाहिन्या फुगतात, गळतात. पाइप रुंद झाले, त्यात लीकेज, मग प्रेशर पडणारच! इकडे घसा सुजतो, श्वासनलिका आवळते. अशा माणसाला उभं केलं की रक्त पायात साठतं, हृदयाकडे परत येत नाही. म्हणजे त्याला चालवून आम्हीच मारत होतो.

सेट्रिझिन खाज कमी करते, तीही सावकाश. घसा आणि ब्लडप्रेशर तिच्या आवाक्यात नाही. तिथे पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिनच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि लवकर. तोवर माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण चालवू नका. १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी काही तास हॉस्पिटलमध्येच ठेवावं लागतं, कारण त्रास उलटू शकतो.

माझं म्हणणं एवढंच. हॉस्टेलच्या फॉर्मवर ब्लडग्रुप विचारतात, तिथे अ‍ॅलर्जीचाही रकाना हवा. मेसच्या फळ्यावर 'आज कूट आहे' एवढं लिहायला कितीसा खडू लागतो? आपल्या फर्स्ट एडच्या पेटीत कापूस आणि आयोडीन आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने अ‍ॅड्रेनलिनही ठेवावं, आणि ते द्यायला शिकलेला एक तरी माणूस रात्री हॉस्टेलवर असावा. आपल्या एका गॅदरिंगच्या डीजेपुढे हा खर्च काहीच नाही.

आणि आपण? कुणी 'मला हे चालत नाही' म्हणाला, तर त्याची टर उडवू नका. माझा रूममेट आज शेजारच्या कॉटवर घोरतोय. त्या आवाजाची मी हल्ली तक्रार करत नाही.