कर्जतला गाडी वड्यांसाठी थांबत नाही

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला का थांबते? हा प्रश्न मी परवा ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये टाकला. सहापैकी चौघं एका सुरात म्हणाले, 'वडे!' पाचव्याने खांदे उडवले, सहावा हेडफोन लावून बसला होता. दिवाडकरांच्या वड्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे, गैरसमज नको. पण आपण बोटाला लागलेली चटणी पुसत असतो तेव्हा गाडीच्या शेपटाला इंजिनं जोडली जात असतात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. लोनवाल्या बँकेशी काही संबंध नाही. लोणावळ्यापर्यंत गाडी मागून रेटायची आणि वर पोचलं की सुटायचं, एवढंच त्यांचं काम.

मी मूळचा पालमचा. जिल्हा परभणी. आमच्या गावात रेल्वे नाही, गाडी धरायची तर गंगाखेडला जावं लागतं. तिथले रूळ म्हणजे कपाशी आणि तुरीच्या रानातून कुणी पट्टी ठेवून ओढल्यासारखे सरळ. घाट आमच्यासाठी भूगोलाच्या पुस्तकात. त्यामुळे नोकरीसाठी इकडे आल्यावर बोरघाटाचं जे वेड लागलं, ते अजून उतरलेलं नाही.

आता गंमत बघा. बोरघाटाचा चढ आहे सदतिसास एक. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. हॅ, यात काय! तुमच्या बाइकला हा चढ कळणारसुद्धा नाही. रेल्वेला मात्र घाम फुटतो. लोखंडी चाक लोखंडी रुळाला जेमतेम नाण्याएवढ्या जागेत टेकतं, आणि घर्षण अगदी कमी. म्हणून तर सपाटीवर एकटं इंजिन हजार टनांची गाडी आरामात ओढतं. पण तीच गाडी या चढावर आली की साधारण सत्तावीस टनांचा जोर तिला सतत खाली खेचत असतो. चाकं जागच्या जागी फिरायला लागतात.

मग जास्तीची इंजिनं पुढेच का नाही लावत? कारण सगळ्या गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या जोडणीवर येतो, आणि ती तुटली तर मागचे डबे सुटतील ते थेट कर्जतच्या दिशेने. मागे इंजिन असलं तर ओढही वाटली जाते आणि आधारही राहतो.

खरा धोका उतरताना. गेल्या वर्षी आई-बापूंना गंगाखेडहून पनवेल गाडीने घेऊन येत होतो. लोणावळा सुटलं आणि थोड्या वेळाने गाडी दोन बोगद्यांच्या मध्ये थांबली. ना स्टेशन, ना गाव. आई म्हणाली, "कामून थांबली रे?" मी मोबाइल काढून शोधायला लागलो, पण रेंज नाही. बापू खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "उतार हाय ना. चढाला बैल दमतो, पण उताराला गाडी अंगावर येती." त्यांनी उमेदीत कापसाच्या गाड्या हाकल्यात. चढाला जास्तीची बैलजोडी आणि मागून रेटणारी माणसं, उताराला चाकाखाली दगड. बोरघाटाचं अख्खं इंजिनीअरिंग त्यांनी दोन वाक्यांत संपवलं!

कारण इथेही दगडाची सोय आहे. उतारावर ठरावीक ठिकाणी रुळाचा काटा आधीच डोंगराच्या चढाकडे जाणाऱ्या फाट्याला लावलेला असतो. गाडीने थांबून दाखवायचं, ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध करायचं, मगच मुख्य रूळ मिळतो. ब्रेक गेलेली गाडी त्या फाट्यावर चढून आपोआप थांबावी, ही योजना. सुरुवातीला तर खंडाळ्याजवळ 'उलटं स्टेशन' होतं. वळायला जागाच नव्हती, म्हणून गाडी एका टोकाला न्यायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढची वाट. १९२९ मध्ये नवे बोगदे झाल्यावर हा खेळ संपला.

एवढा खटाटोप ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने केला तो तुमच्या-माझ्या वीकेण्डसाठी नव्हे. दख्खनचा कापूस मुंबई बंदरात हवा होता. इंजिनीअर जेम्स बर्कली, काम सुरू १८५६, लाइन खुली १८६३. सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरची चढाई, पंचवीस बोगदे. ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. सुरुंग, दरडी, कॉलरा, ताप... किती मेले याचा धड हिशेबच कुणी ठेवला नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीवरून मजुरांनी दंगा केला, त्यात एक युरोपियन मारला गेला, आणि त्याच वर्षी ठेकेदार फॅव्हिएल यांनी काम सोडलं. नंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरून काही आठवड्यांतच वारले. त्यांची बायको अ‍ॅलिस मायदेशी परतली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने ठेका स्वतःकडे घेतला, दोन इंजिनीअर नेमले आणि घाट पूर्ण करून घेतला. सोबत कामाचे फोटोही काढले. १८६० च्या आसपास! मजुरांची नावं मात्र त्या फोटोंखाली शोधू नका. घाटात वाट दाखवणाऱ्या धनगर शिंग्रोबाचं देऊळ जुन्या हायवेवर आहे. त्याची कथा खरी किती, हे सोडा. लोकांनी निदान एका माणसाला तरी नाव दिलं.

देवगिरी किंवा नंदीग्रामने जाणाऱ्या आमच्या परभणीकरांनी फार हळहळू नये. त्यांच्या वाटेवर कसाऱ्याचा थळघाट आहे, चढ तोच, सदतिसास एक. आणि याहून खडा चढ हवा असेल तर नेरळला उतरा. माथेरानची छोटी गाडी वीसास एक चढते, तीही १९०७ पासून. अर्थात डबे चिमुकले आणि वेग बेताचा.

बँकरचे दिवस किती, हा प्रश्नच आहे. २०१९ मध्ये नाशिकमार्गे दिल्लीची राजधानी सुरू झाली. तिला लवकरच दोन्ही टोकांना इंजिनं लागली. मागचं जोडा-सोडायला नको, वेळ वाचतो. सोय चांगलीच आहे. पण तोपर्यंत एकदा मुंबईहून पुण्याला दिवसाउजेडी, शेवटच्या डब्यातून जा. वडा आधी घेऊन ठेवा आणि कर्जत सुटताना बोलणं बंद करा. मागून एक हलका धक्का बसतो.