शिमग्याला गावी जाताय? आधी देवराईचं ऐका

रत्नागिरी जिल्ह्यातले गावकरी, मानकरी, गुरव मंडळी आणि मुंबई-पुण्याचे चाकरमानी, तुम्हा सर्वांना हे कळकळीचं आवाहन आहे. येत्या शिमग्याला पालखी दारात येईल, तेव्हा गावात सगळे असतील. ते दिवस नुसते पाहुणचारात घालवू नका. ऐंशी पार केलेल्या माणसांजवळ बसा, देवराईबद्दल विचारा आणि ती जे सांगतील ते लिहून घ्या. हे यंदाच व्हायला हवं. पुढच्या शिमग्याला ती माणसं असतीलच असं नाही, आणि काही गावांत देवराईही उरलेली नसेल.

ती काय सांगतील याचा अंदाज तुम्हाला आहे. राईतला वाळका फाटा चुलीला आणायचा नाही. आणलास तर राखणदार आडवा येईल, झरा आटेल, गुरांना रोग येईल. आपण शिकलो आणि हे सगळं भीतीच्या गोष्टींत जमा केलं. त्यातला राखणदार क्षणभर बाजूला ठेवा. बाकी उरतं ते एवढंच: राई तोडलीत तर पाणी जाईल. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मे उजाडला की वाड्यावाड्यांवर टँकर फिरतात. उघड्या सड्यावर पडलेलं पाणी पऱ्याने थेट खाडीला जातं. राईत मात्र पाचोळ्याचा जाड थर असतो, मुळांनी माती धरलेली असते. तिथे पाणी थांबतं, जांभ्याच्या भोकाभोकांतून खाली उतरतं आणि उताराच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर येतं. कितीतरी ग्रामदेवतांच्या देवळांशेजारी बारमाही पाणी आहे ते यामुळे. म्हाताऱ्यांनी सांगितलेलं भाकीत शब्दशः खरं होतंय, फक्त ते ऐकणारं कोणी राहिलेलं नाही.

आणि या भाकिताला एक पद्धत होती. राईतलं एखादं मोठं झाड देवळाच्या कामाला हवं असेल, तर गाव देवापुढे जमायचा. मानकरी गाऱ्हाणं घालायचे, बाकीचे ‘होय महाराजा’ म्हणून साथ द्यायचे. मग कौल लागायचा: गुरव ओल्या कळ्या देवाच्या अंगावर लावायचा आणि सगळे श्वास रोखून बघत बसायचे. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी दोन-दोन तास एकही कळी हलायची नाही, मग काम पुढे ढकलायचं. कळी देव पाडतो का, या वादात मला पडायचं नाही. माझं लक्ष त्या थांबण्याकडे आहे. एक झाड पाडण्याआधी अख्खा गाव एकत्र बसत होता, सर्वांसमक्ष विचारत होता आणि नकार आला तर तो मानत होता. आज जंगलाचा सौदा दोन माणसांत फोनवर ठरतो आणि गावाला कळतं ते करवतीचा आवाज आल्यावर.

अंधश्रद्धेची वकिली मी करत नाही, हे स्पष्ट सांगतो. देवाच्या नावाने कोणाला वाळीत टाकणं, करणीच्या संशयावरून एखाद्या बाईचा छळ करणं हे गुन्हेच आहेत, आणि करणीच्या नावाने होणाऱ्या छळासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे तो योग्यच आहे. भविष्याचा बाजार मांडणाऱ्यांचंही तेच. 21 डिसेंबर 2012 ला जग बुडणार म्हणून माया लोकांच्या नावावर केवढा गहजब झाला होता, आपल्याही वाहिन्यांनी तो दिवसरात्र चालवला. माया कालगणनेचं एक मोठं चक्र त्या दिवशी पुरं होत होतं, एवढीच ती गोष्ट. अमेरिका खंडांतल्या मूळ रहिवाशांचं खरं सांगणं या गोंगाटात कुणी ऐकलंच नाही, आणि ते आपल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्याच्या फार जवळचं आहे.

कोलंबियात समुद्रकिनाऱ्याला लागून सिएरा नेवादा दे सांता मार्ता हा बर्फाच्छादित पर्वत आहे. तिथले कोगी लोक शतकानुशतकं बाहेरच्या जगापासून लांब राहिले. 1990 मध्ये त्यांच्या पुरोहितांनी, म्हणजे मामोंनी, आपण होऊन बीबीसीच्या कॅमेऱ्यापुढे येऊन जगाला निरोप दिला. आम्ही थोरले भाऊ, तुम्ही धाकटे. तुमच्या खोदकामाने आणि तोडीने वरचं बर्फ नि पाणी आटत चाललंय, हात आवरा, असा त्याचा आशय. हवामानबदल हा शब्द घरोघरी पोचण्याआधीची ही गोष्ट. त्यांनी हे कुठल्या पोथीतून वाचलं नव्हतं. डोंगरमाथ्यावरचं पाणी कमी होताना ते रोज बघत होते. अमेरिकेत मिसुरी नदीखालून तेलवाहिनी न्यायचं ठरलं, तेव्हा 2016 मध्ये स्टँडिंग रॉक या मूळ रहिवाशांच्या राखीव क्षेत्रातल्या लोकांनी तिला लाकोटा भाकितातला काळा साप म्हटलं आणि नदीकाठी तळ ठोकला. तेलवाहिनी थांबली नाही, 2017 पासून ती चालू आहे. पण त्या जुन्या भाकितामुळे जगाला एका नदीचं नाव आणि एका समाजाचा हक्क कळला.

मला सर्वांत जवळची वाटते ती अॅरिझोनातल्या होपी लोकांची शिळा. ओरायबी गावाजवळच्या खडकावर त्यांच्या पूर्वजांनी दोन रेघा कोरल्या आहेत. वरची रेघ पुढे वाकडीतिकडी होत संपते. खालच्या रेघेवर मक्याचं पीक आहे आणि ती चालतच राहते. कोणती वाट धरायची ते तुम्ही ठरवा, असा तिचा अर्थ होपी सांगतात. डिसेंबर 1992 मध्ये थॉमस बन्याक्या या होपी वडीलधाऱ्याने तो अर्थ संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर जाऊन सांगितला.

आता आपल्या सड्याकडे बघा. कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण: आपल्या जिल्ह्यातल्या या सात ठिकाणची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसूच्या कातळावर दोन्ही हातांनी दोन वाघ थोपवणारा माणूस आहे. काही ठिकाणी गेंडा कोरलेला आहे, जो आज कोकणात नाही. देवाचे गोठणे इथल्या मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवलं तर काटा भरकटतो. ही चित्रं कोरणारी माणसंही काहीतरी सांगत होती. पण होपींकडे शिळा वाचून दाखवणारा माणूस अजून आहे आणि आपल्याकडे तो हजारो वर्षांपूर्वीच संपला. चित्रं उरली, सांगणं गेलं. कितीही संशोधन झालं तरी ते सांगणं आता परत मिळणार नाही.

देवराईचं सांगणं अजून जिवंत आहे, पण ते याच वाटेवर आहे. त्यामुळेच ही घाई. तुमच्या आजीला माहीत आहे की कोणत्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. कोणता झरा कोणत्या साली पहिल्यांदा आटला तेही तिला ठाऊक आहे. राईच्या कोणत्या भागात पाऊल टाकायचं नाही आणि का, हे तिच्या तोंडी आहे, इतर कुठेही नाही.

धोका कोणाकडून आहे तेही बोललं पाहिजे. ट्रक भरून लाकूड घाटावर जातं, चिऱ्यांच्या खाणी सडा पोखरतात, जमिनीचे दलाल फिरतात, हे सगळे जाणतात. पण बरेचदा राई आपणच मोडतो, तीही देवाच्या नावाने. कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं बांधायचं, त्याच्या जीर्णोद्धाराला पैसा हवा म्हणून देवराईतले ऐन-किंजळ विकायचे. हे जिल्ह्यात झालेलं आहे, होत आहे. ज्या मुंबई मंडळांनी देवळांसाठी मनापासून वर्गणी काढली त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: झाड विकून आलेला एक पैसाही देवळाला लावू नका. देव त्या झाडांचा आहे.

22 जुलै 2021 आठवा. चिपळूण बुडालं आणि त्याच पावसात खेड तालुक्यातल्या पोसरे गावच्या वाडीवर दरड कोसळली. प्रत्येक दरडीचं कारण एकच नसतं हे मी जाणतो. पण उतारावरचं जुनं रान म्हणजे काय असतं हे घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला समजावून सांगायला नको.

करायचं काय? शिमग्यात वडीलधाऱ्यांचं बोलणं मोबाइलवर नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका, वहीत उतरवा आणि सांगणाऱ्याचं नाव घाला. देवराईचा सातबारा काढा, जमीन कोणाच्या नावे आहे ते सर्वांना कळू द्या. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही घाईत भरली गेली. ती मागून घ्या, वाचा, आणि त्यात तुमची राई, तिथले झरे, तिथले नियम नसतील तर लिहायला लावा. हे कागदी काम वाटेल, पण त्यातूनच संरक्षण मिळतं. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथली मायरिस्टिकाची दलदल 2021 मध्ये जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाली. गावकऱ्यांनी देवाची म्हणून राखलेली ती जागा आहे. जेमतेम अडीच हेक्टर. आपल्या जिल्ह्यात त्याहून मोठ्या राया आहेत.

1 मेला ग्रामसभा आहे. शिमग्यात गोळा केलेली वही त्या दिवशी सभेपुढे ठेवा आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय देवराईत कुऱ्हाड चालणार नाही असा ठराव लिहून घ्या. पूर्वी कौल देवळात लागायचा, आता तो ग्रामसभेत लावा. चाकरमान्यांनो, मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं काढताना 1 मेच्या आधी पोचाल अशी काढा.