चुलीपुरती अहिंसा

समाजाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला होता. विषयही ठरवून दिला होता: एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या पूर्वजांचा उद्यम आणि दानधर्म. मी लिहिला. छापून हातात आला तेव्हा त्यातला एक शब्द जिथे जिथे होता तिथून काढलेला. तो शब्द 'अफू'. त्या जागी 'धान्य, कापूस वगैरे माल' असं घातलेलं. विचारलं, तर मंडळातले एक ज्येष्ठ अगदी मायेनं म्हणाले, "भाभी, पर्वाचं पुस्तक आहे. लेकरं वाचतात. ते कशाला?"

लेकरं वाचतात म्हणूनच ते हवं होतं. त्यांना पटलं नाही. तुम्हाला पटतं का बघा.

आपलं इंदूर मोठं कशानं झालं? १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरात आली, शेजारी इंग्रजांची रेसिडेन्सी बसली, लढाया थांबल्या. रस्ते सुरक्षित झाले तशा पेढ्या वाढल्या. त्या पेढ्यांवर धान्य होतं, कापूस होता, सावकारी होती, हे खरंच. पण परमुलखातून पैशाचा ओघ आणणारा माल अफूचा. बिहार-बनारसकडे अफू कंपनीच्या मक्त्याची होती. तिथला शेतकरी कंपनीची उचल घेऊन तिच्याच भावानं चीक घालायचा. माळवा संस्थानी मुलूख. इथे उचल द्यायला गावचा सावकार, त्याच्यामागे शहरातली पेढी. चीक जवसाच्या तेलात ठेवायचा, गोळे वळायचे, पेटीत भरायचे. एका पेटीत सुमारे ६३ किलो माल. हे सगळं आपल्या लोकांनी, आपल्या भांडवलावर केलं.

कंपनीनं ते अडवायला पाहिलं, जमलं नाही. माल पाली, जैसलमेर, कराची असा वळसा घेऊन पोर्तुगीजांच्या दमणला जायचा आणि तिथून चीनला. शेवटी कंपनीनं मुंबईच्या वाटेनं परवाने द्यायला सुरुवात केली आणि पेटीमागे पैसे घेऊ लागली. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांनी घेतला आणि वळशाची वाट बंद झाली. मग काय, सव्वाशे रुपयांचा परवाना १८४७ पर्यंत ४०० वर गेला आणि १८६१ मध्ये ७००! तरी पेट्या थांबल्या नाहीत. पेटीमागे ७०० रुपये भरूनही जो धंदा परवडतो, त्यात नफा किती असेल, हे घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला मी समजावून सांगायला नको.

त्या पैशानं शहर उभं राहिलं. दुसऱ्या तुकोजीरावांनी कापडाची गिरणी काढली, खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी १०१ वर्षांसाठी दिले. संस्थानाच्या तिजोरीतही अफूवरचा कर होताच. पुढे विसाव्या शतकात सर सेठ हुकुमचंदांनी गिरण्या काढल्या, इतवारियात काचमंदिर बांधलं. त्यांच्या भांडवलातही अफूच्या सट्ट्याची मोठी कमाई होती. मी त्या मंदिरात जाते. आत गेलं की मन निवतं, हे खोटं कशाला सांगू? पण त्या काचांत आपलंच तोंड दिसतं, तेही बघावं लागतं.

आता पेटीची दुसरी बाजू. १८३९ मध्ये कॅंटनला चिनी अधिकारी लिन यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या घेऊन नष्ट केल्या. त्यात माळव्याचा माल भरपूर होता. त्यावरून इंग्रजांनी चीनवर युद्ध लादलं. तिकडे कोणाच्या घरची चूल विझली, कोणाची जमीन गेली, ते आपल्या वह्यांत नाही. आणि फार लांब कशाला जायचं? इथल्या शेतात बोंडाला चिरा देऊन चीक खरवडायला बायका-पोरंच होती. मुंबईच्या गिरणीत जाणारी आई तान्ह्याला बाळागोळी चाटवून निजवायची. गोळी कसली, अफूच ती. तिच्यापाशी दुसरा इलाज नव्हता. पेढीवाल्यापाशी होता.

लगेच उत्तरं येतात. मला तोंडपाठ झालीत.

पहिलं: "इंग्रजांनी करायला लावलं." बिहारच्या शेतकऱ्यानं हे म्हणावं, त्याला शोभतं. माळव्यात तर आपण इंग्रजांना चुकवून हा धंदा केला आणि आजही 'कंपनीला पुरून उरलो' म्हणून मिशीवर ताव देतो. दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या होतील?

दुसरं: "एकटे जैन थोडेच होते?" नव्हते. वैष्णव होते, मुंबईत पारशी होते, संस्थानिक होते. सगळे जैनही यात नव्हते. पण शेजाऱ्यानं रात्री जेवलं म्हणून आपण जेवतो का?

तिसरं: "तेव्हा ते पाप समजत नव्हते." हे मात्र मी मुळीच ऐकून घेणार नाही. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत विषवाणिज्य आहे. विषाचा व्यापार, शब्दही सरळ. आणि पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात सागारधर्मामृत लिहिलं ते कुठे? इथेच, माळव्यात, धारजवळच्या नालछाला. ते म्हणतात, पापाचे धंदे मोजता येणार नाहीत इतके आहेत. पंधरांची यादी अगदी मंदबुद्धी माणसासाठी. म्हणजे हुशार माणसाला यादीही लागू नये. आपले पूर्वज हुशार होते, असंच ना आपण स्मरणिकेत छापतो?

आता खरं दुखणं सांगते. धर्म पाळला जात नव्हता असं नाही. पाळला जात होता, पण घरात. पाणी गाळायचं, कंदमुळं टाळायची, सूर्यास्ताआधी चूल आवरायची, अष्टमी-चतुर्दशीला उपास करायचा. हे सगळं कोणी करायचं? आपण. विधवा झाली तर तिनं दुप्पट करायचं. पेढीवर व्यवहार आणि चौक्यात व्रत, अशी वाटणी झाली. घरच्या बाईच्या उपासानं पेढीचा हिशेब चुकता होतो, असं सगळ्यांनी मानून घेतलं. आपणही मानून घेतलं, बायांनो. त्याच पैशाचे दागिने आपणही अंगावर घातले. मी यातून स्वतःला वगळत नाही.

आणि ती वाटणी संपलीय का? सोयरीक जमवताना मुलीला विचारतात, कांदा-लसूण खातेस का? मुलाच्या घरी कोणी विचारतं का, तुमचं गोदाम कोणाला भाड्यानं दिलंय, व्याजाचा दर काय, कारखान्याचं पाणी कुठल्या नाल्यात सोडता? सुनेच्या ताटाला पावित्र्याची परीक्षा, दुकानाच्या गल्ल्याला सवलत. एकोणिसाव्या शतकात लागलेली सवय आहे ती. म्हणून जुनं उकरते आहे, हौस म्हणून नाही.

आपल्याकडे पाप तिन्ही वाटांनी लागतं: केलेलं, करवलेलं आणि अनुमोदलेलं. पूर्वजांनी केलं, करवलं. ते गेले. आपल्या हातात उरलंय ते अनुमोदन. स्मरणिकेतला शब्द खोडणं हे अनुमोदनच आहे. पूर्वजांना दूषणं द्या असं मी म्हणत नाही. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, शाळा काढल्या, तेही लिहा. पण त्याच पानावर अफूही लिहा.

क्षमावाणीला आपण एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्या जीवांची क्षमा मागतो. न पाहिलेल्या मुंगीची मागतो. चीनच्या त्या माणसाची आणि बाळागोळी चाटलेल्या त्या लेकराची मागायला जीभ का अडते? पुढच्या वर्षी स्मरणिका निघेल तेव्हा लेख मागायला येतील. कोणाकडे तरी येतीलच. ज्या बाईकडे येतील तिनं तो शब्द लिहावा, आणि खोडला तर लेख परत मागून घ्यावा. मी तेवढं केलं नाही. ती माझी चूक.