अध्यापनाची तालीम

महाविद्यालयीन अध्यापन हा अशा थोड्या व्यवसायांपैकी एक आहे, की ज्यात शिरू पाहणाऱ्याने तो व्यवसाय आधी कोणाच्या देखरेखीखाली करून पाहिलेला असावा, अशी अपेक्षा सहसा बाळगली जात नाही. माध्यमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्याला बी. एड. व्हावे लागते आणि त्यासाठी निरीक्षकासमोर पाठ द्यावे लागतात. महाविद्यालयाच्या दारात मात्र मुख्यतः विचारले जाते ते संशोधनाच्या पदवीविषयी आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षेविषयी. या परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनाच्या अभियोग्यतेवरही प्रश्न असतात; त्यांची उत्तरे चार पर्यायांतून एक निवडून द्यावयाची असतात. पोहणाऱ्याची परीक्षा काठावर कागद देऊन घ्यावी, तशातलाच हा प्रकार होय.

मग प्राध्यापक शिकवायला शिकतो कोठे? या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे आहेत. पहिले असे की, अध्यापन ही उपजत देणगी आहे. ती असते किंवा नसते. दुसरे असे की, ती प्रशिक्षणाने येते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली, त्यांत उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग भरू लागले आणि या वर्गांची प्रमाणपत्रे पदोन्नतीला जोडली गेली. या संस्थांची नावे पुढे बदलली. २०२३ पासून त्या मालवीय अभियानाखाली आल्या आहेत. पहिले उत्तर प्राध्यापकाला प्रयत्नातून मोकळे करते, तर दुसरे त्याला हजेरीपटावर आणून सोडते. या वर्गांतून नवे विचार कानी पडतात, दूरच्या सहकाऱ्यांची ओळख होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथे आपण दुसऱ्याची व्याख्याने ऐकतो. आपण स्वतः आपल्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहून काय करतो, ते पाहायला तेथेही कोणी नसते.

या प्रश्नाचा विचार लखनौत बसून करताना एका मराठी माणसाचे स्मरण टाळता येत नाही. मी सध्या निशातगंजात राहतो. येथून गोमती ओलांडून सिकंदरबागेवरून पुढे गेले की कैसरबाग येते. तेथे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने १९२६ साली निघालेले मॅरिस कॉलेज आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने उभे आहे. संगीताच्या इतिहासकारांनी या संस्थेविषयी पुष्कळ लिहिले आहे. साहित्याच्या अध्यापकांनी मात्र तिच्याकडे आपल्या धंद्याच्या दृष्टीने फारसे पाहिलेले दिसत नाही.

भातखंडे व्यवसायाने वकील होते. त्यांच्यापुढील अडचण आपल्या अडचणीच्या नेमकी उलट होती. तेथे विद्या होती, ती देण्याची कसून घडवलेली रीतही होती. पण ती घराण्याच्या चार भिंतींआड होती. शिष्याने वर्षानुवर्षे समोर बसावे, उस्तादाच्या मर्जीप्रमाणे एकेक चीज पदरात पडावी, आणि 'असे का?' हा प्रश्न शक्यतो विचारू नये. भातखंड्यांनी देशभर हिंडून चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या. परंतु अध्यापकाच्या दृष्टीने त्यांचा अधिक मोलाचा ग्रंथ 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा आहे. चार भागांचा हा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, त्यातून नवी शंका निघते. एकाच रागाविषयी गायकांची मते भिन्न असतील तर ती भिन्नताही सांगितली जाते.

हे रूप केवळ सोयीसाठी पत्करलेले आहे, असे मला वाटत नाही. ज्याला शिष्याची शंका लिहून काढावी लागते, त्याला ती आधी ऐकावी लागते. आपला विषय न जाणणाऱ्याच्या जागी बसून त्या विषयाकडे पाहावे लागते. अध्यापनशैली म्हणून ज्या गोष्टीचे आपण कौतुक करतो, तिचा उगम बहुधा येथेच असतो. आवाजात, विनोदात किंवा पाठांतरात तो नसतो. आपल्या टिपणवहीत काय सांगायचे ते सारे असते. विद्यार्थी कोठे अडेल याची नोंद मात्र क्वचितच आढळते.

भातखंड्यांनी आराखडा दिला. त्याला जिवंतपणा दिला तो श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी. भातखंड्यांजवळ शिकलेले आणि बडोद्यास उस्ताद फैयाझ खाँ यांची तालीम घेतलेले रातंजनकर या महाविद्यालयाचे दीर्घकाळ प्राचार्य होते. वर्गात क्रमिक पुस्तक, वेळापत्रक आणि परीक्षा. आणि त्याबरोबरच निवडक शिष्यांना जुन्या पद्धतीने समोर बसवून तालीम, अशी दुहेरी रीत त्यांनी चालवली. कृष्णराव गिंडे बालवयातच बेळगावकडून लखनौला आले आणि त्यांच्याजवळ राहून शिकले. दिवसभर आपले गुरू इतरांना कसे शिकवतात, हे अशा शिष्यांना सतत पाहायला मिळे. गिंडे, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर ही रातंजनकरांची शिष्यमंडळी. यांतील बहुतेकांचे नाव गायक म्हणून घेतले जाते तितकेच शिक्षक म्हणूनही घेतले जाते, हा योगायोग मानता येणार नाही. मुंबईच्या आणि दिल्लीच्या संगीतसंस्थांत त्यांनी पुढे शिकवले, तेव्हा त्यांनी विद्येबरोबर ती देण्याची रीतही नेली होती.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. महाविद्यालयीन पद्धतीने संगीताचा साचा झाला, परीक्षा पास होणारे वाढले आणि गाणारे मात्र घराण्यांतूनच निपजत राहिले, असे म्हटले जाते. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु तो नेमका काय सिद्ध करतो, हे पाहिले पाहिजे. पुस्तक आणि परीक्षा राहिली व समोर बसवून दिलेली तालीम सुटली, की साचा उरतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. साहित्याच्या आपल्या विभागांत याहून वेगळे काय घडले आहे? आपण पाठ्यक्रम दर काही वर्षांनी बदलतो, प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलतो. पण शेजारच्या वर्गात सहकारी एखादी कविता कशी उलगडतो, हे पाहण्यासाठी त्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसत नाही. ते शिष्टाचाराला सोडून होईल असे आपल्याला वाटते. वर्गाचे दार लावून घेणे ही आपण प्रतिष्ठा मानली. घराण्यांच्या गुप्ततेवर टीका करणाऱ्या आपण सुशिक्षितांनी स्वतःभोवती मात्र एकेका माणसाची घराणी उभी केली आहेत.

तौलनिक साहित्याच्या अध्यापकाला तर दुसऱ्याच्या नजरेची गरज अधिक असते. लखनौतील विद्यार्थ्यांपुढे दया पवारांचे 'बलुतं' अनुवादातून ठेवले, की पहिला प्रश्न शीर्षकापाशीच येतो: हे आमच्याकडच्या जजमानीसारखेच का? महाराष्ट्रात हे पुस्तक शिकवताना ज्या शब्दावरून आपण सहज पुढे जातो, तेथे थांबावे लागते. मग सांगावे लागते, की जजमानीचे नाते मुख्यतः कुळाकुळांतले असते, तर बलुतेदार हा साऱ्या गावाचा सेवक मानला जाई आणि त्याचा वाटा गावाकडून येई. एवढे सांगितल्यावर कोणी तरी विचारतेच: देणारे सगळे गाव असेल, तर दाद मागायची कोणाकडे? हा प्रश्न मराठी समीक्षेच्या पुस्तकातून माझ्यापर्यंत आलेला नव्हता. तो अवधी बोलणाऱ्या घरातील विद्यार्थिनीने दिला. शैली सुधारते ती अशा प्रश्नांनी. अट एवढीच, की तो प्रश्न तासाबरोबर संपू नये. तो नोंदला जावा आणि पुढल्या वर्षीच्या पाठाचा आरंभ त्याने बदलावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच. डी. विषयक नियमांनी एक स्वागतार्ह पाऊल टाकले आहे. कोणत्याही विषयाच्या संशोधकाने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे वा लेखनाचे शिक्षण घ्यावे, असे ते सांगतात. त्याला आठवड्यातून ४ ते ६ तास साहाय्यक म्हणून काम देण्याची मुभाही देतात. धोका हा, की प्राध्यापकांच्या रजेच्या दिवशी वर्ग सांभाळणारा बिनमोल माणूस म्हणून या संशोधकाचा उपयोग होईल. त्याला वर्गावर पाठवायचे असेल, तर त्याच्या मार्गदर्शकाने आधी त्याला आपल्या वर्गात बसवून घ्यावे, मग त्याच्या वर्गात स्वतः बसावे आणि त्यानंतर दोघांनी तासभर बोलावे. प्रत्येक विभागाने वर्षातून निदान दोनदा असा पाठ योजावा, की ज्यात ज्येष्ठ प्राध्यापक शिकवतील आणि कनिष्ठ प्रश्न विचारतील. या पाहण्याचा पदोन्नतीशी काडीचाही संबंध असू नये. गुण देण्यासाठी पाहणारा आला, की वर्गाचे नाटक होते. यासाठी अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही. लागते ती ज्येष्ठांनी आधी आपले दार उघडण्याची तयारी. ज्याने वीस वर्षे शिकवले, त्यानेच पहिल्यांदा पाहिले जाण्यास बसावे. कनिष्ठांकडून त्याची अपेक्षा करण्याचा अधिकार त्यानंतरचा आहे.