रुग्णवाहिका कोणासाठी?

रुग्णवाहिकेच्या गैरवापराचा विषय निघाला की बोट नेहमी एकाच दिशेस वळते. साध्या तापासाठी वा बोटाच्या जखमेसाठी १०८ क्रमांक फिरविणारे दोषी ठरतात. तो दोष आहेच. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ही निःशुल्क सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात ९३७ वाहने होती. अतिगंभीर रुग्णांसाठीची प्रगत सामग्री त्यांपैकी २३३ वाहनांतच होती. २०११ च्या जनगणनेशी ताडून पाहता एका वाहनामागे सुमारे १ लाख २० हजार माणसे येत होती. एक वाहन विनाकारण अडकले की दुसऱ्या कोणाच्या दारी ते उशिरा पोहोचणार, हे उघड आहे.

परंतु माझ्या मते याहून मोठी चूक उलट बाजूस घडते. ज्यांनी रुग्णवाहिका अवश्य बोलवावी, तेच ती बोलवीत नाहीत. छातीत कळ आलेला गृहस्थ ‘पित्त झाले असेल’ म्हणत स्वतः स्कूटर काढतो, नाहीतर शेजारी त्यास रिक्षात बसवितात. यामागे निष्काळजीपणा क्वचितच असतो. बहुधा ‘उगाच गाजावाजा नको, सोसायटीत चर्चा होईल’ हा आपल्या मध्यमवर्गीयांचा संकोच असतो. शिवाय रुग्णवाहिका म्हणजे निजून जाण्याची गाडी, असाही समज आहे. वस्तुतः हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाची लय अकस्मात बिघडण्याचा धोका पहिल्या तासात सर्वाधिक असतो. त्या क्षणी विजेचा झटका देऊन लय पूर्ववत करणारे यंत्र हाताशी लागते, आणि ते रिक्षात नसते.

पक्षाघाताचेही तसेच. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, वाचा अडखळणे ही लक्षणे दिसल्यावर ‘थोडे पडून राहा, बरे वाटेल’ हा सल्ला घातक ठरतो. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून ही सोय असलेल्या रुग्णालयातच रुग्णास न्यावे. अपघातात मान वा पाठ दुखावलेल्यास तर मोटारीच्या मागच्या आसनावर कोंबूच नये.

अर्थात नियमास अपवाद आहे. दुर्गम खेड्यात सर्पदंश झाला आणि रुग्णवाहिका दूर असली, तर वाट पाहत बसू नये. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवूनही रुग्णास रुग्णालयात न्यावे. उलट, स्थिर प्रकृतीच्या रुग्णास डायलिसिससाठी न्यावयाचे असेल, तर आधी ठरविलेले खाजगी वाहन पुरेसे असते.

हा प्रश्न आपल्या शाखांनाही लागू आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी अनेक वृद्ध निवृत्तिवेतनधारक रांगेत उभे असतात. त्यांच्यापैकी कोणी कोसळले तर दूरध्वनी कोण करणार, हे किती शाखांत आधी ठरलेले असते? अग्निशमन दलाच्या क्रमांकाशेजारी १०८, शाखेचा पूर्ण पत्ता आणि जवळची ठळक खूण लिहून ठेवावी. घाबरलेल्या माणसास स्वतःच्या कार्यालयाचा पत्ताही धड सांगता येत नाही! पलीकडून सांगितल्याशिवाय दूरध्वनी ठेवू नये. एकाने रुग्णाजवळ थांबावे, सुरक्षारक्षकाने नाक्यावर जाऊन उभे राहावे, आणि शाखा वरच्या मजल्यावर असल्यास कोणीतरी लिफ्ट तळमजल्यावर अडवून धरावी.