विकतचं दुखणं, पण भाव करून घेतलेलं

पूर्वपक्ष सोपा आहे आणि ऐकायला शहाणपणाचाही वाटतो. ज्या पिचरचा हात गळ्यात बांधलेला आहे, जो पुढचं वर्षभर एक चेंडू टाकणार नाही, त्याच्यावर एखाद्या बेसबॉल संघानं लाखो डॉलर का लावावेत? हे तर विकतचं दुखणं. तेवढ्या पैशांत धडधाकट माणूस घ्यावा. जखमी माणसानं आधी बरं होऊन दाखवावं, मग बोलणी करावीत. अमेरिकेत दर हिवाळ्यात खेळाडूंचे नवे करार होऊ लागले, की हा आक्षेप नव्यानं घेतला जातो. माझं म्हणणं उलट आहे. जखमी पिचर घ्यावा. कोणता, कितीला आणि कोणाच्या जागी, या तीन बाबतींत मात्र मी या आक्षेपकांहून अधिक चिकट आहे.

आधी त्या धडधाकट माणसाचंच पाहू. २०१९ साली वॉशिंग्टन नॅशनल्सचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग २०९ डाव खेळला, १८ सामने जिंकला आणि वर्ल्ड सीरीज या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या डिसेंबरात संघानं त्याच्याशी सात वर्षांचा, साडेचोवीस कोटी डॉलरचा करार केला. कोणी त्याला जुगार म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. त्यानंतर स्ट्रासबर्ग एकंदर आठ सामन्यांत चेंडू टाकू शकला. विजय एक. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा.

ताशी दीडशे किलोमीटरनं चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जो ताण येतो, तो सोसण्यासाठी कोपर बनलेलंच नाही. तेव्हा पिचर दोन प्रकारचे असतात: ज्यांची जखम कळली आहे आणि ज्यांची अजून कळायची आहे. दुसऱ्या प्रकारच्या पिचरला संघ पूर्ण भाव देतात, कारण त्याच्या अहवालावर काही लिहिलेलं नसतं. जोखीम दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी ती किमतीतून वजा झालेली असते, एवढाच फरक.

यावर आक्षेपक म्हणतील, ठीक, पण फाटलेलं कोपर ते फाटलेलंच. इथे वैद्यकशास्त्र मध्ये येतं. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट आत वळवा. मनगटाच्या मधोमध एक दोरीसारखा स्नायुबंध वर येईल. काहींच्या हातात तो जन्मतःच नसतो आणि नसल्याचं त्यांच्या गावीही नसतं, इतका तो बिनकामाचा. सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या मनगटातून हाच स्नायुबंध काढला, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून ओवून नवा बंध तयार केला. यश येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक अशी सांगितली होती. जॉन १९७६ साली मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्यानं या शस्त्रक्रियेनंतर मिळवले. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावानं ओळखली जाते आणि परतायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात, हे प्रत्येक संघाला पाठ आहे.

पण म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन, कोपर नवं झालं की पिचर नवा झाला, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीलाही मी बसणार नाही. शिकागो कब्जनं डिसेंबर २०१७ मध्ये ड्रू स्मायलीला घेतलं. त्याच वर्षी त्याच्या कोपरावर हीच शस्त्रक्रिया झालेली होती. करार दोन वर्षांचा, एक कोटी डॉलरचा: पहिलं वर्ष उपचाराचं, दुसरं कमाईचं. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात त्या करारात स्मायलीनं शिकागोच्या मुख्य संघासाठी एकही चेंडू टाकला नाही. वर्षभरात पैशांची ओढाताण सुरू झाली आणि शिकागोनं त्याला टेक्सासला देऊन टाकलं. झाड लावलं आणि फळ धरायच्या आत परसच विकलं, असा हा प्रकार. दोष कोपराचा नव्हता. दोन वर्षं थांबायची ऐपत नसताना दोन वर्षांचा सौदा केला, हा दोष.

त्याच सुमारास टॅम्पा बे रेजनं केलेला सौदा पाहा. नेथन इओवाल्डीच्या कोपरावर ऑगस्ट २०१६ मध्ये ही शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा झाली. न्यूयॉर्क यांकीजनं त्याला मोकळं केलं. टॅम्पानं फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला वीस लाख डॉलरवर घेतलं आणि पुढच्या वर्षीही तेवढ्याच रकमेत ठेवून घेण्याचा हक्क करारात लिहून घेतला. २०१७ अख्खं वाया गेलं. २०१८ च्या मार्चमध्ये कोपरात हाडाचे सुटे तुकडे सापडले, पुन्हा शस्त्रक्रिया. इथे कुणीही कपाळावर हात मारला असता. ३० मे रोजी तो ओकलंडविरुद्ध उतरला आणि सहा डावांत प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिली नाही.

टॅम्पाला त्यातून काय मिळालं? दहा सामने, आणि जुलैमध्ये बोस्टनला तो देऊन बदल्यात एक तरुण पिचर. वर्ल्ड सीरीज जिंकली ती बोस्टननं. तिसऱ्या सामन्यात, १८ डाव आणि सव्वासात तासांहून लांबलेल्या त्या रात्री, इओवाल्डी बाराव्या डावात आला आणि ९७ चेंडू टाकून अखेर हरला. पण बाकीच्या गोलंदाजांचे हात त्यानं वाचवले आणि बोस्टननं मालिका ४-१ अशी घेतली. आक्षेपक इथे टाळी वाजवतात: पाहा, खर्च एकाचा आणि चषक दुसऱ्याचा! मला यात टॅम्पाचं हसं झालेलं दिसत नाही. गरीब संघ स्ट्रासबर्गच्या बाजारात उभाच राहू शकत नाही. त्याला चांगला हात परवडतो तो असाच, दुखावलेल्या अवस्थेत.

कोपराचं हे गणित खांद्याला लावू नये. खांदा बेभरवशाचा, तिथे एका बंधाच्या दुरुस्तीनं काम भागत नाही. मार्क प्रायर ऐन विशीत शिकागोचा तारा होता. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर २००८ साठी सॅन डिएगोनं त्याला घेतलं, पण २००६ नंतर तो मेजर लीगमध्ये कधीच उतरला नाही. ख्रिस कार्पेंटरचं उदाहरण याच्या तोंडावर फेकलं जातं. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर टोरांटोनं हात आखडता घेतला. सेंट लुइसनं त्याला उचललं, २००३ चं सबंध वर्ष तो बसून राहिला तरी सोडलं नाही, आणि २००५ मध्ये त्यानं २१ सामने जिंकून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. उदाहरण खरं आहे आणि माझ्या आवडीचंही. पण कार्पेंटर एकच झाला. अपवादावर अंदाजपत्रक बांधता येत नाही.

भावाबद्दल आर. ए. डिकीची गोष्ट सांगायला हवी. १९९६ साली टेक्सास रेंजर्सनं त्याला पहिल्या फेरीत निवडलं, ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले. इतक्यात एका बेसबॉल मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा इतर खेळाडूंसोबतचा फोटो आला. त्यात त्याचा उजवा हात काहीसा विचित्र लोंबत असल्याचं संघाच्या लोकांच्या नजरेत भरलं. तपासणी झाली आणि कळलं, की कोपरात तो अस्थिबंध मुळातच नाही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रक्कम ७५ हजारांवर आली. या घासाघिशीला पुष्कळ जण क्रौर्य म्हणतात. मुलाचं मन मोडलं हे खरंच, पण टेक्सासनं त्याला हाकललं नाही; ठाऊक झालेल्या जोखमीला शोभेल असा भाव दिला आणि ठेवून घेतलं. पुढे नकलबॉल हा संथ, लडखडता चेंडू आत्मसात करून डिकीनं २०१२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून साय यंग पुरस्कार पटकावला, हा त्याचा पराक्रम. १९९६ चा हिशेब त्यामुळे चुकीचा ठरत नाही.

उरला प्रश्न जागेचा, आणि तो मुंबईकरांना नव्यानं समजावायला नको. क्रिकेटमधल्या आयपीएलच्या फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात उतरताना मुंबई इंडियन्सकडे ४८ कोटी रुपये होते. त्यांतले आठ कोटी त्यांनी जोफ्रा आर्चरला दिले. कोपराच्या दुखापतीमुळे तो त्या हंगामात खेळणार नाही, हे सर्वांना ठाऊक होतं. बेसबॉलमध्ये दीर्घ दुखापतीच्या यादीत टाकलेला पिचर चाळीस जणांच्या पटावरची जागा अडवत नाही, दुसरा घेता येतो. इथे आठ परदेशी जागांतली एक आर्चरनं घरी बसून धरली. त्याच लिलावात, त्याच आठ कोटींत, मुंबईचाच ट्रेंट बोल्ट राजस्थानकडे गेला. राजस्थान अंतिम सामन्यापर्यंत पोचला. मुंबई पहिले आठ सामने हरून तळाला राहिली. २०२३ मध्ये आर्चर आला, पाच सामने खेळला, दोन बळी घेऊन मायदेशी परतला.

मुंबईच्या चाहत्यांनी तेव्हा सगळा राग आर्चरच्या कोपरावर काढला. तो चुकीच्या जागी काढला. आर्चरला घ्यायला हरकत नव्हती. जखमेचा भाव न करता नावाचा भाव दिला, आणि बोल्टची जागा रिकामी ठेवली, याला होती.