जास्वंदीवर विष नको

मागच्या उन्हाळ्यात शिरूरला घरी गेलो, तर आईचं पहिलंच वाक्य, "जास्वंद बघ जरा, पांढरी पडलीय."

मंडळी, ही जास्वंद आमच्या दौंडच्या मावशीची. आईनं एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. साधी, पाच पाकळ्यांची, लालभडक. हिला बी सहसा धरत नाही, फांदीनंच ती घरोघर जाते. आणि आमच्या भागात ती हवीच! शिरूर तालुक्यात रांजणगावचा महागणपती, दौंडहून भीमा ओलांडली की सिद्धटेक. मावशी आता नाही, तिचं अंगणही नाही. उरलंय ते हे झाड.

पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. मी शहाणपणा केला, दुकानातून जहाल औषध आणून फवारलं. दुसऱ्या दिवशी फुलं आली, पण आईनं एकही तोडलं नाही. "विष मारलेलं फूल देवाला वाहू? आणि पोरगी पाकळ्या तोंडात घालते, तिचं काय?" मी गप्प.

मग जरा वाचलं. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात पहिल्यांदा 2008 साली कोइमतूरला सापडला. तो जास्वंदीवरही पडतो. त्याला आवर घातला तो 2010 साली परदेशातून आणलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या परोपजीवी माश्यांनी. जहाल फवाऱ्यात असे मित्रच आधी मरतात, ढेकूण मेणाच्या पांघरुणात टिकतो.

म्हणून माझं स्पष्ट मत : घरच्या जास्वंदीवर विष मारूच नये. फार भरलेले शेंडे कापून टाका, पानांखाली पाण्याचा जोरदार फवारा मारा, संध्याकाळी सौम्य साबणाचं पाणी शिंपडा. आठवड्यानं पुन्हा. मुंग्यांची वाट मोडा, गोड चिकट्यासाठी त्याच ढेकणांची राखण करतात.

दुसरी चूक पाण्याची. पान पिवळं, शिरा हिरव्या दिसल्या की आपण आणखी पाणी ओततो. खरं तर चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यात झाडाला लोह मिळत नाही. शेणखत घाला, पावसाचं पाणी साठवून द्या. बुंध्याशी उसाचं पाचट अंथरा, ओल टिकते. आपल्याकडे पाऊस कमी आणि पाचट मात्र रानोरान जाळतात! थंडी सरताना छाटणी करा, कारण कळी नव्या फुटीवर येते.

हे सगळं सावकाश होतं. आमच्या झाडाला दीड-दोन महिने लागले. नवी फूट आली, आणि एका सकाळी परडीत लाल फूल दिसलं. आई काही बोलली नाही. तिनं फक्त मावशीची आठवण काढली.

असो. या पावसाळ्यात फांद्या लावणार आहे. नातेवाइकांपैकी ज्याला हवी त्यानं आत्ताच सांगून ठेवा. अट एकच, वर लिहिलीय ती!